तयार प्रतिध्वनींचे दफ्तर

गिटारवादकाच्या पायाशी ठेवलेल्या ज्या बहुगुणी यंत्राला आपल्याकडील वादक सरसकट ‘प्रोसेसर’ म्हणतात, त्याच्या स्मृतिकोशात कारखान्यातूनच भरून आलेली तयार प्रतिध्वनींची यादी वरवर पाहता अगदीच रुक्ष वाटते. स्लॅपबॅक, टेप एको, मल्टि-हेड, अ‍ॅनलॉग डिले अशी काही नावे, प्रत्येक नावापुढे मिलिसेकंदांचा एक आकडा, आणि कळ पायाने दाबली की त्या नावाचा प्रतिध्वनी हुकमासरशी हजर. परंतु जुन्या दफ्तरातील एखाद्या मामुली नोंदीचा माग काढीत जावे आणि तिच्याखाली एखाद्या गावाचा पाणंदीचा तंटा हाती लागावा, तशी या यादीची गोष्ट आहे. तिच्यातील बहुतेक आकडे कोणा कलावंताच्या सौंदर्यविचारातून निपजलेले नसून, कोणत्या तरी यंत्राच्या अडचणीतून, त्याच्या मोटरच्या वेगातून अथवा त्याच्या दोन भागांमधील काही इंचांच्या अंतरातून निपजले, आणि अडचण नाहीशी झाल्यावरही वहिवाटीच्या हक्काने तेथेच राहिले.

निसर्गातील प्रतिध्वनी हा अंतराचा हिशेब असतो. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून सतरा मीटरांवरच्या भिंतीवरून परतलेला स्वर आपल्या कानी सेकंदाच्या एक दशांशाने उशिरा येतो, आणि याहून फार जवळची भिंत असेल तर कान मूळ स्वर व परतलेला स्वर यांत भेद न करता दोहोंना एकच मानून मोकळा होतो. विजापूरच्या गोलघुमटात ज्याने एकदा टाळी वाजवली आहे, त्याला या हिशेबाची निराळी ओळख करून द्यावयास नको. परंतु घुमट काही वादकाला बरोबर नेता येत नाही, आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तर तो मुळीच मावत नाही. यावर अमेरिकेतील तंत्रज्ञांनी प्रथम जे उपाय योजले ते पुष्कळसे गवंडीकामाच्या जातीचे होते. शिकागोच्या बिल पटनमने १९४७ मध्ये हार्मोनिकॅट्स या मंडळींच्या वादनासाठी स्टुडिओचे न्हाणीघरच प्रतिध्वनिकक्ष म्हणून वापरले. पुढे दशकभराने अ‍ॅरिझोनातील फीनिक्स शहरी ली हेझलवूड याने डुएन एडीच्या गिटारीसाठी २००० गॅलनांची पाण्याची रिकामी टाकी आणवली, तिच्या एका तोंडाशी ध्वनिवर्धक व दुसऱ्याशी मायक्रोफोन ठेवला, आणि त्या टाकीचा घुमारा देशभर वाजवला. हे उपाय परिणामकारक खरे, पण त्यांचा बंदोबस्त इमारतीशी बांधलेला. वादक गावोगावी हिंडू लागला की टाकी फीनिक्समध्येच राही.

अंतराचा हा हिशेब दगडविटांतून सुटून ध्वनिफितीवर आला, तेथे आजच्या यादीचा खरा आरंभ धरावा लागेल. लेस पॉल हा वादक आणि कल्पक कारागीर दोन्ही होता, आणि मेरी फोर्डसह त्याने १९५१ साली काढलेल्या ध्वनिमुद्रणांत एकावर एक चढविलेल्या गिटारींबरोबर विलंबित स्वरांचा असा काही खेळ होता, की त्याने पुष्कळांची झोप उडवली. परंतु स्लॅपबॅक या नोंदीचे मूळ गाव म्हणून मेम्फिसचेच नाव घ्यावे लागते. तेथील ७०६, युनियन अ‍ॅव्हेन्यू या पत्त्यावर सॅम फिलिप्सने १९५० मध्ये एक लहानसे ध्वनिमुद्रणगृह उघडले, आणि याच जागेतून १९५४ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली नावाच्या एका अननुभवी तरुणाची पहिली तबकडी बाहेर पडली. फिलिप्सची तजवीज साधी होती. अ‍ॅम्पेक्स कंपनीच्या ध्वनिफीतयंत्रात मुद्रण करणारे हेड व मुद्रित ध्वनी वाचणारे हेड अशी दोन निरनिराळी हेडे थोड्या अंतराने बसविलेली असतात. स्वर पहिल्यापाशी फितीवर उमटतो आणि फीत पुढे सरकून दुसऱ्यापाशी पोचेपर्यंत जो अल्पसा काळ जातो तेवढ्या विलंबाने पुन्हा ऐकू येतो. अशाच दुसऱ्या एका यंत्रातून निघालेला हा उशिराचा स्वर त्याने मूळ स्वरात मिसळला, एवढेच. हेडांमधील अंतर दोन इंच आणि फितीचा वेग सेकंदाला पंधरा इंच धरला, तर भागाकाराने विलंब निघतो सुमारे १३३ मिलिसेकंदांचा. आज कोणत्याही कंपनीच्या प्रोसेसरमध्ये स्लॅपबॅक उघडावा, आकडा शंभर ते दीडशेच्या दरम्यान आढळेल. असा आकडा कोणी कानांनी तोलून निवडला नव्हता. यंत्र बनविणाऱ्याने हेडे जेथे बसविली होती तेथून तो आपोआप आला, आणि मग त्याच्यावर एका संपूर्ण संगीतपरंपरेची चाल ठरली.

फिलिप्सचा हा प्रतिध्वनी अजून स्टुडिओच्या चार भिंतींतच होता. तो रंगमंचावर यावा म्हणून इलिनॉयमधील कैरो या गावी रे बट्स नावाच्या गृहस्थाने गिटारच्या ध्वनिवर्धकातच फितीचे यंत्र बसविले. एकोसॉनिक नावाच्या या ध्वनिवर्धकाचा मोह गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्सला पडला, आणि १९५५ मध्ये प्रेस्लीचा साथीदार स्कॉटी मूर यानेही तो मिळविला. यानंतर यंत्रांची रीघ लागली. लंडनच्या चार्ली वॉटकिन्सने १९५८ मध्ये कॉपिकॅट विकावयास काढला. ओहायोच्या अ‍ॅक्रन शहरी माइक बॅटलने एकोप्लेक्स रचला, ज्यातील हेड हाताने सरकवून विलंब कमीजास्त करता येई. इटलीत मेआत्सी आणि बिन्सन यांनी आपापली यंत्रे काढली. शॅडोज मंडळींचा हँक मार्विन मेआत्सीच्या यंत्रावर इतका रमला की त्याने १९६० मध्ये वाजविलेल्या ‘अपाची’ या प्रसिद्ध रचनेच्या नादात गिटारीचा वाटा किती आणि यंत्राचा किती, हे वेगळे काढणे अवघडच व्हावे. मिलानच्या बिन्सनने तर फीतच टाकून दिली आणि तिच्या जागी फिरते चुंबकीय चक्र बसवून त्याच्या कडेने हेडांची रांग मांडली. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरने या एकोरेकचा जो उपयोग केला, त्याची नक्कल करण्याची उमेद बाळगणारे वादक आजही जगाच्या सर्व कोपऱ्यांत आहेत.

यादीचा पाया मात्र जपानात घातला गेला असे माझे मत आहे. इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये स्थापिलेल्या रोलँड कंपनीने १९७४ मध्ये आरई-२०१ हा स्पेस एको बाजारात आणला. त्यात एका पोकळ पेटीत फितीचा मोकळा वेटोळा फिरत असे, वाचणारी हेडे तीन होती आणि घुमाऱ्यासाठी एक स्प्रिंगही दिलेली होती. यातील कोणती हेडे चालू ठेवावी आणि स्प्रिंग मिसळावी की नाही हे ठरविण्यासाठी कंपनीने स्वतंत्र कळींचा पसारा मांडला नाही. तिने समोर एकच मोठी चकती बसविली आणि तिच्यावर बारा ठिकाणे आखून दिली. पहिली चार नुसत्या पुनरावृत्तीची, पाचव्यापासून अकराव्यापर्यंत स्प्रिंगसहित पुनरावृत्तीची, बारावे केवळ स्प्रिंगचे. गणिताच्या दृष्टीने याहून थोडे अधिक संयोग शक्य होते. पण कोणी तरी कारखान्यात बसून कान लावला, उपयोगी ते ठेवले, निरुपयोगी ते गाळले, आणि वादकाच्या हाती निवडीचा अधिकार देताना त्या निवडीच्या सीमाही आखून दिल्या. पुढे ज्याला प्रीसेट म्हणू लागले त्याची सारी लक्षणे या चकतीत आहेत. म्हणून जुन्या यंत्राचे भक्त जेव्हा तयार प्रतिध्वनींना आळश्यांचे साधन म्हणून नाके मुरडतात, तेव्हा ते ज्या यंत्रासमोर हात जोडतात त्याच्याच तोंडावर बारा तयार प्रतिध्वनी आहेत, याचे त्यांना विस्मरण झालेले असते.

फितीच्या यंत्राचे खर्च आणि खोड्या पुष्कळ. फीत झिजे, ताणली जाई, मोटरचा वेग डळमळे आणि परतणारा स्वर किंचित थरथरत येई. शिवाय फीत धावत असताना वेग बदलला की विलंबाबरोबर स्वराची उंचीही बदले. या जंजाळातून सुटका करणारी पहिली कल्पना हॉलंडमधील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत निघाली. सँगस्टर आणि तेर यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या या योजनेत ध्वनीचा विद्युत्‌अंश एका सूक्ष्म साठ्यातून पुढच्या साठ्यात, तेथून त्याच्या पुढच्यात, असा हातोहात सरकविला जातो, आणि आग विझविण्यासाठी बादल्या हातोहात देणाऱ्यांच्या रांगेवरूनच तिचे नावही पडले. मात्सुशिताच्या एमएन ३००५ या चिपमध्ये अशी ४०९६ स्थाने होती. विलंब लांबवावा तर बादल्या सावकाश द्याव्या लागत, आणि सावकाश दिल्या की स्वरातील उंच, तीक्ष्ण अंश गाळून टाकणे भाग पडे. त्यामुळे या यंत्रांचा प्रत्येक परतलेला स्वर आधीच्याहून मवाळ आणि काळसर होत जाई. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा मेमरी मॅन आणि बॉसचा १९८१ चा डीएम-२ ही या जातीची नामांकित पेडले. काळसरपणा हा वस्तुतः दोष. पण मागचे स्वर अंधुक झाल्याने पुढचा स्वर उठून दिसतो, हे वादकांच्या ध्यानी आले आणि दोष गुणांच्या खात्यात जमा झाला.

अंकीय विलंबयंत्राचा उगम याहून विचित्र आहे. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठातील प्राध्यापक फ्रान्सिस ली यांनी हृदयाच्या ठोक्यांच्या निरीक्षणासाठी विलंब देणारे एक मंडल रचले होते. त्यातून ध्वनीही नेता येईल हे लक्षात आल्यावर लेक्सिकॉन कंपनीचे डेल्टा टी-१०१ हे यंत्र १९७१ मध्ये सिद्ध झाले. आता विलंब म्हणजे अंतर राहिले नाही, वेगही राहिला नाही. तो निव्वळ आकडा झाला. आणि आकडा म्हटला की तो लिहून ठेवता येतो. १९८२ च्या कॉर्गच्या एसडीडी-३००० मध्ये वादकाला आपले आकडे स्मृतीत साठविण्याची सोय होती, आणि यू-टू मंडळींचा गिटारवादक एज याने ती वाया घालविली नाही. दर मिनिटाला १२० मात्रांची लय असेल, तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. तिच्या पाऊण भागाचा, म्हणजे ३७५ चा विलंब लावून सरळ अर्ध्या मात्रांचे स्वर वाजविले, की वाजविलेले व परतलेले स्वर एकमेकांच्या मधल्या जागा भरतात आणि एक हात दोघांचे काम करू लागतो. एजची ही रीत इतकी लोकप्रिय झाली की आज कारखान्याच्या यादीत ती हमखास सापडते. माझ्या समजुतीप्रमाणे या यादीत जाणूनबुजून, हिशेब करून आलेला आकडा असा हाच. बाकीचे बहुतेक योगायोगाचे वारस.

यानंतरचा भाग सांगण्यास सोपा आहे. यामाहाच्या १९८५ च्या एसपीएक्स ९० मध्ये तीस कार्यक्रम कारखान्याने कायमचे कोरून दिले होते आणि साठ जागा मालकासाठी मोकळ्या होत्या. रोलँडचा जीपी-८ हा १९८७ चा, बॉसचा एमई-५ हा १९८८ चा. १९९० मध्ये झूमने गिटारीच्या पट्ट्याला अडकविता येईल एवढे ९००२ हे यंत्र केले, आणि १९९६ च्या त्याच कंपनीच्या ५०५ मुळे हा सारा ऐवज मध्यमवर्गीय विद्यार्थ्याच्या आवाक्यात आला. येथे तयार प्रतिध्वनींच्या स्वभावात एक फरक पडला, त्याची दखल घेतली पाहिजे. आरई-२०१ ची चकती वाजविणाऱ्यासाठी आखली होती. नव्या यादीतील पहिले दहापाच प्रीसेट मात्र दुकानात उभ्या असलेल्या, कानाला हेडफोन लावलेल्या, खिशातील पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकासाठी आखलेले भासतात. एकट्याने वाजविताना ते भव्य वाटतात. ढोलक, कीबोर्ड आणि गायक यांच्या संगतीत त्यांचा चिखल होतो. याला उपाय जुनाच: मिश्रणाचे प्रमाण निम्म्यावर आणावे, पुनरावृत्ती दोनतीनवर थांबवाव्या, आणि विलंब गाण्याच्या लयीशी रुजू करून घ्यावा, त्यासाठी पायाने ताल देऊन वेळ ठरविण्याची कळही आता बहुतेक यंत्रांवर असते. आपल्या गणेशोत्सवातील मंडपात निवेदकाच्या प्रत्येक शब्दामागे जो एको सोडलेला असतो, आणि ज्याच्यामुळे बक्षिसाचा मानकरी कोण हे तिसऱ्या रांगेपलीकडे समजत नाही, त्याचा दोषही यंत्राचा नव्हे. कोणी तरी तयार प्रमाणाला हात लावावयाचा राहिला आहे, इतकेच.

१९९९ मध्ये लाइन ६ कंपनीने डीएल४ हे हिरवे पेडल काढले आणि इतिहासच विक्रीस मांडला. त्याच्या चकतीवर टेप एको म्हणजे एकोप्लेक्स, मल्टि-हेड म्हणजे स्पेस एको, अ‍ॅनलॉग म्हणजे डीएम-२ अशी एकेका मृत वा म्हाताऱ्या यंत्राची अंकीय प्रतिकृती होती आणि वादकाच्या स्वतःच्या आवडीसाठी पायाखाली तीन जागा. ज्या थरथरीपासून, झिजेपासून आणि काळसरपणापासून सुटण्यासाठी अभियंत्यांनी तीस वर्षे खर्ची घातली, तीच थरथर, तीच झीज आणि तोच काळसरपणा आता गणिताने पुन्हा निर्माण करून देण्यासाठी त्यांच्या पुढच्या पिढीने आपले कौशल्य पणाला लावले. याला कोणी हास्यास्पद म्हणतील. मला त्यात फारसे नवल वाटत नाही, कारण ज्या स्वरांवर कान घडला त्या स्वरांचे दोष हेही त्या कानाच्या व्याकरणात बसलेले असतात, आणि निर्दोष प्रतिध्वनी ऐकून त्याला काही तरी गहाळ झाल्यासारखे वाटते.

२०२२ मध्ये रोलँडच्याच बॉस या शाखेने आरई-२०२ या नावाने जुन्या स्पेस एकोची अंकीय आवृत्ती काढली. तीत फीत नाही, मोटर नाही, झिजण्याजोगे काही नाही. पण समोर तीच मोठी चकती आहे, फितीच्या डळमळीचे प्रमाण ठरविणारा एक नॉब आहे, आणि फीत नवी हवी की जुनी एवढे विचारणारी एक लहानशी कळही आहे. जुनी फीत पसंत पडली तर ती पसंती स्मृतीत साठविता येते, आणि पुढच्या कार्यक्रमात पाय पडताच ती फीत नेमकी तितकीच जुनी होऊन परत मिळते.