भाटघरचा दगड आणि पानशेतची सळई



आपल्या भोर-वेल्ह्याकडे आणखी कशाचाही दुष्काळ पडला असेल, दगडाचा कधी पडला नाही. राजगड-तोरणा ज्या काळ्या पाषाणाचे, त्याच जातीच्या पाषाणाचे भाटघरचे धरण. म्हणूनच 'दगडासारखे मजबूत' हे शब्द आपल्या तोंडी सहज येतात. परंतु मजबूत म्हणजे कशापुढे मजबूत, हे आपण क्वचितच विचारतो. माझी शाळा सातवीत सुटली. पुढची विद्या बांधकाम मजुरांत मिळाली, आणि रात्री पुस्तके चाळून ती मी पडताळून घेतली. तेवढ्याच शिदोरीवर आज बोलणार आहे.

प्रथम नुसता दाब घेऊ. एका चौरस सेंटिमीटरवर किती किलो भार पडला म्हणजे पदार्थ चिरडतो, हे यंत्रात मोजतात. चांगला काळा पाषाण १५०० किलोंच्या पुढेही टिकतो. नेहमीचे काँक्रीट २०० च्या आसपास, गावठी वीट ३५ ते ५०, आणि चुन्याचा मसाला १०-२० किलोंतच हार खातो.

आता भाटघरला चला. वेळवंडी नदीवर पहिले धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. त्याच्या जलाशयाला व्हायटिंगचे नाव होते. नीरेच्या कालव्यांना ते पाणी पुरेना, म्हणून पुढे थोरले धरण बांधले. १९२० नंतरच्या दशकात ते पुरे झाले आणि त्याला गव्हर्नर लॉइड यांचे नाव मिळाले. लांबी १६२५ मीटर, पायापासून उंची सुमारे ५८ मीटर. दगडी बांधकाम घनमीटरला सुमारे २.४ टन भरते. एवढ्या उंचीचा सरळ खांब उभा केला, तर तळाच्या चौरस सेंटिमीटरवर भार येतो अवघा १४ किलो. पंधराशे किलो पेलणाऱ्या दगडाला चौदा किलोंचे काय?

मग कसोटी लागते कोणाची? दोन दगडांमधल्या मसाल्याची. शिवाय पाणी भिंतीला लोटू लागले की पाण्याकडच्या अंगाला ताण येऊ पाहतो, आणि दाबात शूर असलेले दगडी बांधकाम ताणात फार दुबळे. फ्रान्समधले बूझे येथील दगडी धरण २७ एप्रिल १८९५ रोजी फुटले, ऐंशीहून अधिक माणसे गेली. तेथे दगड चिरडला नव्हता. पाण्याकडून भिंत उकलली होती. दगडी धरण तळाशी इतके रुंद आणि जड ठेवतात ते यासाठीच. त्याचे वजनच ताणाला फिरकू देत नाही.

जेथे असे वजन कामी येत नाही, तेथे पोलाद लागते. ते दाब आणि ताण दोन्ही सारखेच सोसते. काँक्रीटचे ताणातले बळ त्याच्या दाबातल्या बळाच्या दहाव्या हिश्श्याएवढेच. ही उणीव सळई भरून काढते. वेल्ह्याकडचे पानशेत मातीचे धरण. त्याच्या पोटातून पाणी सोडण्याच्या मार्गाचे काम अपुरे होते, आणि तेथल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांत सळई नव्हती. पावसाळ्यात पाणी चढले, त्या मार्गाने हादरे खाल्ले, वरचा भराव खचला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले. खालचे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही त्या लोंढ्यापुढे टिकले नाही, आणि पुणे बुडाले.

आता घरची गोष्ट. एका बांधकामावर तपासणीच्या क्यूबसाठी काँक्रीट वेगळे कालवले जाई, त्यात सिमेंट जास्त. क्यूब यंत्रात उत्तम उतरे. स्लॅबमध्ये मात्र दुसराच माल पडे. हे पाट्या वाहणाऱ्या बायांना ठाऊक होते, कागदाला नव्हते. आम्ही तोंड उघडले, तेव्हा चार जणांची हजेरी बंद झाली. त्यांना पुन्हा कामावर घेण्यास दोन महिने लढावे लागले.

यंत्र खोटे बोलत नाही. परंतु त्याच्या पुढ्यात जे ठेवाल, त्याचेच ते खरे सांगते. म्हणून पदार्थाचे बळ तपासणाऱ्याने माल कालवणाऱ्या माणसालाही विचारावे, आणि खरे बोलल्याबद्दल त्याची रोजी जाणार नाही, याची हमी द्यावी. धरणाखाली राहणाऱ्या आपणा सर्वांचा जीव त्या हमीवर टेकलेला आहे.