संकठा घाटाच्या पायऱ्या आणि पाहुण्यांचा हिशेब

दिनांक ११ ते १३ जून २०२३ या काळात वीस राष्ट्रांच्या गटातील विकासमंत्र्यांची परिषद काशीत भरली. परराष्ट्रमंत्री जयशंकर हे तिचे अध्यक्ष होते. २०३० पर्यंत गाठावयाच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांची निम्मी मुदत सरली होती. त्या कार्यास वेग देणारा कृतिआराखडा या परिषदेत संमत झाला. पाहुण्यांनी गंगेची आरती पाहिली, सारनाथचे दर्शन घेतले, आणि ते आपापल्या देशी परतले. अर्थकारणाच्या प्रश्नासाठी परक्या देशीचे कारभारी काशीत येण्याचा हा प्रसंग मात्र पहिला नव्हे. त्याचे एक जुने आणि कटू उदाहरण आहे. त्यातील एका घराण्याची खूण संकठा घाटावर आजही उभी आहे.

दशाश्वमेधावरून प्रवाहाबरोबर उत्तरेस निघाले म्हणजे मणिकर्णिका व शिंदे घाट ओलांडून आपण संकठा घाटी पोचतो. वर संकठादेवीचे मंदिर, पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट. महाराष्ट्रापासून दूर नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांस हा किनारा परका वाटत नाही.

१७८१ च्या ऑगस्टात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज काशीस आला. मराठे व हैदर यांच्याशी चाललेल्या युद्धांनी कंपनीची तिजोरी रिती झाली होती. राजा चेतसिंग ठरलेल्या खंडणीखेरीज वर्षाला पाच लाख रुपये जादा देत आला होता. आता त्याच्याकडून लाखांचा दंड उकळावयाचा होता. पाहुणा वसुलीस आला आणि त्याने यजमानालाच शिवाला येथे कैद केले. शहर उसळले, कंपनीचे शिपाई कापले गेले, राजा निसटला, आणि हेस्टिंग्जला रात्री चुनारच्या किल्ल्याकडे पळ काढावा लागला.

या संकटात त्याच्या साह्यास कोण धावले? मुधोजी भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित व त्यांचे बंधू विश्वंभर पंडित. काशीतील आपल्या घरी असलेले एक लाख रुपये त्यांनी हेस्टिंग्जपुढे केले. हेस्टिंग्जने स्वतःच्या वृत्तांतात या उपकाराची नोंद केली आहे. पुढे त्या घराण्यास जहागीरही मिळाली.

ही गोष्ट वाचताना मराठी मन अडखळते. पुणे दरबार त्या वेळी इंग्रजांशी लढत होता. सालबाईचा तह १७८२ च्या मे महिन्यात व्हावयाचा होता. मग भोसल्यांच्या वकिलाने शत्रूस आधार द्यावा? परंतु वकिलास स्वतंत्र राजकारण नसते. नागपूरकरांनी इंग्रजांशी सलोख्याचे धोरण धरले होते आणि त्या चाकोरीतच बेनीराम चालले. बदलीच्या गावी राहून वरिष्ठांचे धोरण निभावणाऱ्या माणसाची ही अडचण आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. तथापि समजणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. पुणे आणि नागपूर यांच्यात जी फट होती तिचा लाभ तिसऱ्याने घेतला, आणि त्याची किंमत पुढे दोघांनीही मोजली: पुण्याचे राज्य १८१८ साली बुडाले, नागपूरचे १८५४ साली खालसा झाले.

राज्ये गेली, जहागिरीचा दिमाखही गेला. उरल्या त्या पायऱ्या. बेनीराम पंडितांच्या विधवेने १८२५ साली हा घाट पक्क्या दगडात बांधून घेतला. ज्या पैशाने एके काळी गव्हर्नरास तारले, त्याच घरच्या पैशाने न बोलावलेल्या यात्रेकरूंसाठी गंगेत उतरण्याची वाट झाली. तीवर उतरणाऱ्यास कोणी जात, प्रांत वा दरबार विचारला नाही.

१७८१ ची बैठक मोडली, कारण तीत एक बाजू मागणारी व दुसरी भिणारी होती. २०२३ ची परिषद शांततेने पार पडली, कारण निदान एका मेजाभोवती सर्वांस बसण्याचा समान मान होता. हा फरक लहान नाही. तरीही परिषदेचे मोल तिच्या ठरावांच्या भाषेवरून ठरविता येणार नाही. ज्या गरिबांच्या नावाने ती भरली आणि ज्यांस तिचे आमंत्रण नव्हते, त्यांच्या पायाखाली तिने एखादी पक्की पायरी ठेवली की नाही, एवढेच काळ विचारील. पंडितांच्या घराण्याचे उत्तर संकठा घाटावर दगडात लिहिलेले आहे. वीस राष्ट्रांना आपले उत्तर अजून लिहावयाचे आहे.