अमळनेरची गिरणी आणि अझीम प्रेमजी

श्रीमंतांची नवी यादी आली की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये एक फोटो फिरतो. पांढरे केस, साधा शर्ट, खाली लिहिलेले असते, ‘हा माणूस मुसलमान आहे, अभिमान बाळगा.’ एखादा निवडणुकीचा हंगाम असेल तर तोच फोटो उत्तर म्हणून वापरला जातो. कुणी निष्ठेचा पुरावा मागितला की आपण खिशातून दोन-तीन नावे काढतो. अब्दुल कलाम, झाकीर हुसेन आणि अझीम प्रेमजी. यातल्या प्रेमजींची गोष्ट खानदेशात सुरू झाली हे मात्र हा फोटो पुढे ढकलणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते. त्यांनी मुसलमान म्हणून स्वतःची ओळख कधी पुढे केली नाही, हेही आपण सोयीने विसरतो.

अझीम यांचे वडील मोहम्मद हाशम प्रेमजी हे गुजराती खोजा. घराण्याचा व्यापार तांदळाचा होता आणि त्याचे धागे ब्रह्मदेशापर्यंत गेलेले. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथला तांदूळ हिंदुस्थानात येणे थांबले. युद्धकाळात धान्यावर सरकारी नियंत्रण आले ते वेगळेच. अशा काळात तांदळाच्या व्यापाऱ्याने तेलाकडे वळावे यात नवल नाही. २९ डिसेंबर १९४५ रोजी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’ ही कंपनी नोंदवली गेली आणि कारखाना उभा राहिला जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला.

अमळनेरच का? खानदेश म्हणजे कपाशी आणि भुईमूग. सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग गावातून जातो. प्रताप मिलमुळे गावाला गिरणीची सवय होती, कामगार होते. हेच ते गाव जिथे साने गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत आणि जिथे तत्त्वज्ञान मंदिर आहे. मराठी वाचकाला अमळनेर म्हटले की या दोन गोष्टी आठवतात. तिसरी आठवायला हवी ती बोरी नदीकाठच्या या गावातली डालड्याची गिरणी. डालडा हे खरे तर दुसऱ्या कंपनीच्या मालाचे नाव, पण आपल्याकडे वनस्पती तुपाला तेच नाव चिकटले. तेलातून निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन सोडला की तेल थिजते आणि तुपासारखे दिसते, एवढीच ती प्रक्रिया. उरलेल्या मालातून कपडे धुण्याचा ‘७८७’ नावाचा साबण निघे.

कंपनी नोंदवल्यानंतर पावणेदोन वर्षांच्या आत फाळणी झाली. महंमद अली जिनांनी हाशम प्रेमजींना पाकिस्तानात येण्याचे निमंत्रण दिले होते आणि त्यांनी ते नाकारले, असे त्यांच्याविषयीच्या जवळपास सगळ्या लेखनात येते. जिना स्वतः खोजा घराण्यातले, त्यामुळे हे निमंत्रण बिरादरीतल्या माणसाने बिरादरीतल्या माणसाला दिलेले होते. त्याला नकार देण्यामागे देशप्रेम होतेच. शिवाय अमळनेरला नुकतीच उभारलेली यंत्रे होती, मुंबईत घर होते आणि डॉक्टर असलेली पत्नी होती. माणूस मुळांसाठी राहतो आणि कामासाठीही राहतो. त्या वर्षी जे लाखो मुसलमान इथे राहिले, त्यातल्या कितीजणांना जिनांचे पत्र आले होते? कुणालाच नाही. कोकणातला खलाशी, मालेगावचा विणकर, मराठवाड्यातला कुळवाडी यांना कुणी बोलावले नाही आणि त्यांनी जायचे मनातही आणले नाही. पण त्यांच्या राहण्याची नोंद होत नाही, कारण त्यांनी पुढे विप्रो काढली नाही.

कंपनीचे शेअर विकायचे होते तेव्हा अमळनेरच्या लोकांनीही ते घेतले. व्यापारी, शेतकरी, कारखान्यात काम करणारे, अशा अनेकांच्या घरात ते कागद आले. बऱ्याच जणांनी ते विकले, काहींनी ठेवले. ठेवणाऱ्यांचे पुढे काय झाले याचा हिशेब सोपा आहे. १९९७ मध्ये एका शेअरवर दोन बोनस मिळाले, म्हणजे एकाचे तीन झाले. १९९९ मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच झाले, म्हणजे पंधरा. २००४ मध्ये पुन्हा एकास दोन, पंचेचाळीस. २००५ मध्ये एकास एक, नव्वद. १९९७ च्या आधीचे आणि २००५ च्या नंतरचे बोनस यात धरलेलेच नाहीत. अमळनेरच्या करोडपतींच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत राहिल्या त्या यामुळे. एका खोजा व्यापाऱ्याच्या गिरणीने खानदेशातल्या पाटील, गुजर, मारवाडी घरांना श्रीमंत केले, हा इतिहास आपल्या भाषेत फारसा कुणी लिहिलेला नाही.

११ ऑगस्ट १९६६ रोजी हाशम प्रेमजी वारले. अझीम तेव्हा अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकत होते, वय २१. शिक्षण अर्धवट टाकून ते परतले. (पदवी त्यांनी सुमारे तीस वर्षांनी उरलेले विषय पूर्ण करून घेतली.) पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने उठून सुनावले की हे तुझे काम नाही, तुझे शेअर विकून टाक आणि कंपनी जाणत्या माणसांच्या हाती दे. ही हकीकत प्रेमजींनी स्वतः सांगितली आहे, आणि त्या माणसामुळेच आपण जिद्दीला पेटलो असेही.

त्यानंतरचे जे काम झाले ते मला पुढच्या साऱ्या झगमगाटापेक्षा महत्त्वाचे वाटते. अमळनेरला शेंगा विकत घेण्याची जुनी रीत म्हणजे खरेदीदाराने मूठभर दाणे घ्यायचे, चोळायचे, चावून बघायचे आणि भाव सांगायचा. सगळा कारभार जिभेवर आणि ओळखीवर. प्रेमजींनी त्याऐवजी दाण्यातले तेल आणि ओलावा मोजायला सुरुवात केली. ज्याच्या मालात तेल जास्त त्याला भाव जास्त. गिरणीत प्रयोगशाळेची शिस्त आली ती संगणकाच्या कितीतरी आधी. बंगळूरमध्ये पुढे जे घडले त्याचा पाया या शेंगदाण्याच्या मोजमापात होता, असे माझे मत आहे.

पुढची दहा वर्षे तेल, साबण आणि मग हायड्रॉलिक सिलिंडर यात गेली. १९७७ मध्ये दिल्लीत जनता पक्षाचे सरकार आले आणि मुंबईच्या कामगार चळवळीतून वर आलेले जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले. परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांनी इथल्या उद्योगातला आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणावा, असा त्यांचा आग्रह होता. कोका-कोलाने नकार दिला, आयबीएमने नकार दिला. १९७८ मध्ये आयबीएम गेली आणि देशात संगणकाची बाजारपेठ मोकळी झाली. आयातीवर भलीमोठी जकात होती, त्यामुळे जो इथे यंत्र बनवेल त्याचे राज्य. १९७७ मध्येच कंपनीचे नाव ‘विप्रो प्रॉडक्ट्स’ झाले होते. नावातले ‘व्हेजिटेबल’ गेले ते वेळेवर गेले म्हणायचे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या परिसरात विप्रोने लहानशी प्रयोगशाळा सुरू केली. तेल-साबणाच्या कंपनीत इंजिनिअर यायला तयार नसत, म्हणून प्रेमजी मुलाखतींना स्वतः बसत. ८०च्या दशकाच्या सुरुवातीला इंटेलच्या ८०८६ या चिपवर चालणारा विप्रोचा मिनी-संगणक बाजारात आला. अशोक सूटा यांनी १९८४ पासून पंधरा वर्षे हा विभाग सांभाळला. याच दशकात हळद-चंदनाचा ‘संतूर’ साबणही निघाला. अर्धी कंपनी अंघोळीची आणि अर्धी संगणकाची, अशी ही विचित्र जोडी होती आणि संगणकाच्या प्रयोगाला लागणारा पैसा बराच काळ साबण-तेलातून येत होता.

१९९१ नंतर जकात उतरत गेली. १९९२ मध्ये आयबीएम टाटांचा हात धरून परत आली. देशी संगणकाचे दिवस भरले हे दिसत होते. विप्रोकडे यंत्र रचणारे, चिप समजणारे इंजिनिअर होते आणि विकायला यंत्र नव्हते. तेव्हा त्यांनी प्रयोगशाळाच भाड्याने द्यायला काढली: तुमच्या यंत्राची रचना, त्याचे सॉफ्टवेअर आम्ही इथे बसून करून देतो. ज्या धोरणाने विप्रोला जन्म दिला ते धोरण मेल्यावर कंपनी जगली, ती अशी. देशी संगणक बनवणाऱ्या बहुतेकांना हे जमले नाही.

ऑक्टोबर २००० मध्ये विप्रो न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदली गेली. त्याच वर्षी शेअरच्या तेजीत प्रेमजी काही काळ जगातल्या अव्वल श्रीमंतांत गेले. कारण साधे होते, कंपनीचे तीन चतुर्थांशाहून अधिक शेअर त्यांच्याकडेच होते. इन्फोसिसमध्ये संपत्ती अनेक संस्थापकांत वाटली गेली, इथे ती एका घरात राहिली. पण नंतरचा प्रवास तितका उजळ नाही. टीसीएस आणि इन्फोसिस पुढे गेल्या, विप्रोचे मुख्याधिकारी वारंवार बदलले. २००९ मध्ये उघड झाले की जागतिक बँकेने २००७ पासून चार वर्षे विप्रोला कामे देणे बंद केले होते, कारण २००० च्या शेअर विक्रीच्या वेळी बँकेच्या कर्मचाऱ्यांना शेअर देऊ करण्यात आले होते. काटकसर आणि सचोटीच्या कहाण्या सांगताना आपल्याकडे हे वगळले जाते. ते वगळू नये.

२००७ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने प्रेमजींवर मोठा लेख छापला. मथळ्यातच ‘मुस्लिम अब्जाधीश’ आणि ‘हिंदू भारत’ हे शब्द होते. त्यावर वाद झाला. प्रेमजींची भूमिका तेव्हाही होती तीच होती: आम्ही स्वतःला भारतीय समजत आलो, हिंदू-मुसलमान असे कधी पाहिले नाही. आपल्यातल्या काहींना हे झोंबते. ‘इतका पैसा, कौमसाठी काय केले?’ हा प्रश्न मी लग्नाच्या पंगतीत ऐकला आहे, जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवरही ऐकला आहे. गंमत अशी की तोच प्रश्न विचारणारे एरवी खोजांना आपल्यात धरायचे की नाही यावर वाद घालतात. माणूस श्रीमंत झाला की जमात आठवते.

तेव्हा काय केले ते पाहू. २००१ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशन सुरू झाले. डिसेंबर २०१० मध्ये त्यांनी सुमारे ८,८४६ कोटी रुपयांचे शेअर त्यासाठी दिले. २०१३ मध्ये ‘गिव्हिंग प्लेज’वर सही केली, असे करणारे ते पहिले भारतीय. त्या पत्रात त्यांनी आई गुलबानू यांचा आणि गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेचा उल्लेख केला. गुलबानू प्रेमजींनी हाजी अलीजवळचे लहान मुलांचे अस्थिरोग रुग्णालय उभारण्यात आणि चालवण्यात आयुष्य घालवले. पोलिओचा तो काळ होता. मार्च २०१९ मध्ये प्रेमजींनी आणखी ३४ टक्के शेअरचे उत्पन्न दिले आणि फाउंडेशनकडे विप्रोच्या ६७ टक्के शेअरचा आर्थिक हक्क गेला. तेव्हाची एकूण किंमत सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपये.

प्रेमजी हा शब्द वापरत नाहीत, पण आपल्या परंपरेत याला जवळचा शब्द आहे वक्फ. मूळ माल बांधून ठेवायचा, परत घ्यायचा नाही, आणि त्याचे उत्पन्न लोकांच्या कामी लावायचे. जकात अडीच टक्के असते. इथे माणसाने उलटा हिशेब केला, बहुतेक दिले आणि थोडे ठेवले.

आता ‘कौमसाठी काय’ याचे उत्तर. फाउंडेशनने काम निवडले सरकारी शाळांचे, तेही शिक्षकांसोबत. उर्दू शाळा नाही, मदरसा नाही, अल्पसंख्याक वसतिगृह नाही. २००६ चा सच्चर समितीचा अहवाल काढून पाहा. २००१ च्या जनगणनेनुसार देशाची साक्षरता ६५.१ टक्के होती, मुसलमानांची ५९.१. त्याच अहवालाने दाखवले की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशांत जाणारी सुमारे तीन टक्केच आहेत. मग उरलेली गरीब मुले कुठे बसतात? नगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत, इतर गरिबांच्या मुलांच्या शेजारी. ती शाळा सुधारली तर कुणाचे भले होते याचा हिशेब पंगतीत बसून कुणी करत नाही.

आणि एक गोष्ट. आपण मुलांसमोर प्रेमजींचा फोटो ठेवतो आणि म्हणतो, बघ, जिद्द असेल तर जमते. ज्याला वारशाने चालती गिरणी मिळाली, ज्याची आई डॉक्टर होती, जो स्टॅनफर्डला होता, त्याचे उदाहरण भिवंडीच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याच्या मुलाला किती कामाचे? जिद्द दोघांकडे असते, पण या मुलाला आधी गणित शिकवणारा मास्तर हवा.

जुलै २०१९ च्या अखेरीस प्रेमजी निवृत्त झाले आणि मुलगा रिशद अध्यक्ष झाला. साबण-तेलाचा व्यवसाय २०१३ मध्येच वेगळ्या कंपनीत गेला होता. आता विप्रोने जाहीर केलेल्या लाभांशाचा मोठा वाटा फाउंडेशनकडे जातो आणि तिथून कर्नाटकातल्या यादगीरसारख्या मागास जिल्ह्यांतल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे. उरलेल्या शेअरचा थोडासा लाभांश अजूनही दरवर्षी अमळनेरला पोचतो.