टपालाचे विमान, रग्बीचे इंजिन आणि आपले भोपाळ

१९३७ साली टाटांच्या विमानांनी मुंबई-दिल्ली टपाल नेण्यास आरंभ केला, तेव्हा वाटेतले थांबे होते इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर. आपल्यापैकी पुष्कळांच्या सोयरिकी आजही याच तीन गावांत फिरतात, म्हणून ही नावे एका ओळीत वाचली की मला गंमत वाटते. नबाब हमीदुल्ला खान यांच्या कारकिर्दीतले ते भोपाळ. विमान दट्ट्याच्या इंजिनावर चालणारे, पुढे लाकडी किंवा धातूचा पंखा, आणि त्याची निगा राखणारा मेकॅनिक मोटारीच्या इंजिनाशी परिचित असलेला. कान लावून आवाज ऐकावा, प्लग काढून काजळी पाहावी आणि रोगनिदान करावे, अशी ती विद्या होती.

त्याच वर्षी, १२ एप्रिलला, इंग्लंडमध्ये रग्बी या गावी फ्रँक व्हिटल नावाच्या हवाईदलातल्या तरुण अधिकाऱ्याने आपले जेट इंजिन प्रथम चालवून पाहिले. वय एकोणतीस. पेटंटचा अर्ज त्याने १९३० मध्येच केला होता. १९३५ साली नूतनीकरणाचे पाच पौंड भरता आले नाहीत आणि सरकारनेही ते भरले नाहीत, म्हणून ते पेटंट बुडाले. पहिल्याच चाचणीत इंजिनाचा वेग हाताबाहेर गेला. इंधनाची झडप बंद केली तरी ते थांबेना. आसपासची माणसे पळाली, व्हिटल जागेवर उभा राहिला. मागाहून उलगडा झाला की गळून आत साचलेल्या इंधनावर ते चालत होते. म्हणजे जेट इंजिनाच्या जन्मदिवशीच गळतीचा शोध घ्यावा लागला. देखभाल या यंत्राच्या पाचवीलाच पुजलेली आहे, म्हणा ना.

आता या कथेतला भोपाळचा धागा. व्हिटलची ही चाचणी रग्बीला ज्या कारखान्यात झाली तो ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन या कंपनीचा. ही कंपनी असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज, म्हणजे 'एईआय' या समूहातली. आणि १९५६ साली आपल्या शहरात हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली, तेव्हा तिची तांत्रिक सल्लागार होती तीच एईआय. पिपलानी-बरखेड्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना ही तीन अक्षरे वडिलांच्या तोंडून ऐकलेली आठवतील. भेलच्या भोपाळ कारखान्यातली टर्बाइने पाण्याच्या जोरावर फिरतात आणि जेट इंजिनाचे टर्बाइन तप्त वायूच्या. पण वाहत्या पदार्थाने पाती फिरवावीत आणि त्या फिरण्यातून काम घ्यावे, हे तत्त्व दोन्हीकडे एकच.

होमिओपॅथीचा डॉक्टर जेट इंजिनावर काय सांगणार, असे आपल्या मनात आले असल्यास आपला दोष नाही. जेवढे शरीरविज्ञानाच्या रीतीने समजते तेवढेच सांगतो. मोटारीच्या इंजिनात हवा आत ओढणे, दाबणे, पेटवणे आणि बाहेर टाकणे ही चार कामे एकाच नळकांड्यात पाळीपाळीने होतात. जेट इंजिनात तीच चार कामे चार वेगळ्या जागी, पण एकाच वेळी आणि अखंड चालतात. पुढून हवा येते. कॉम्प्रेसरच्या एकामागे एक लावलेल्या फिरत्या चकत्या तिला दाबत नेतात. ज्वलनकक्षात इंधन फवारले जाते आणि ज्योत तेवत राहते. तापलेला वायू मागे धावताना टर्बाइनची पाती फिरवतो. टर्बाइन आणि कॉम्प्रेसर एकाच दांड्यावर बसवलेले असल्यामुळे मागचे चाक पुढच्याला फिरवते. उरलेला जोर झोताच्या रूपाने मागे जातो आणि विमान पुढे.

यात सर्वांत हाल टर्बाइनच्या पात्याचे. आधुनिक इंजिनात त्याच्यावर येणारा वायू दीड हजार अंश सेल्सिअसच्याही वर तापलेला असतो, आणि ते पाते ज्या निकेलच्या मिश्रधातूचे असते तो त्याआधीच वितळेल. तरी पाते टिकते, कारण ते आतून पोकळ असते. कॉम्प्रेसरमधून काढून घेतलेली त्या मानाने थंड हवा त्याच्या पोटातून खेळवून बारीक छिद्रांवाटे बाहेर सोडतात, आणि पात्याभोवती तिचे पातळ कवच तयार होते. एखादे छिद्र धुळीने बुजले तरी तेवढी जागा भाजते.

भारतात हे यंत्र प्रवाशांसाठी रुळवले ते मुंबईने. १९६० च्या फेब्रुवारीत एअर इंडियाचे पहिले बोइंग ७०७ आले. त्याला रोल्स-रॉइसची चार कॉनवे इंजिने होती. पुढे लावलेल्या हवेचा काही भाग ज्वलनकक्ष टाळून बाजूने मागे नेणारे, प्रवासी सेवेत आलेले ते पहिले इंजिन. त्यात बाजूने जाणारी हवा थोडीच असे. एअर इंडियाच्या बोइंग ७७७ वरील जीई-९० इंजिनात ती आतल्या हवेच्या सुमारे नऊ पट असते, आणि पुढच्या पंख्याचा व्यास सव्वातीन मीटर. आज आपल्याला पुढे ढकलणारा मुख्य जोर त्या पंख्याचा आहे. १९६२ पर्यंत एअर इंडियाचा सगळा ताफा जेटचा झाला, आणि सांताक्रूझच्या मेकॅनिकांना कान लावण्याची जुनी विद्या बाजूला ठेवून नवी शिकावी लागली.

ही नवी विद्या आम्हा डॉक्टरांना ओळखीची वाटेल. इंजिनाच्या तेलाच्या वाटेवर लहानसे चुंबक बसवलेले असते. ते काढून त्यावर धातूचे कण चिकटले आहेत का ते पाहतात. कण दिसले तर कुठले तरी बेअरिंग झिजू लागले. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जातो, जसे आपले रक्त. बोअरस्कोप नावाची नळी इंजिनाच्या ठरावीक छिद्रांतून आत घालून एकेक पाते पडद्यावर पाहतात. ही तर सरळ एंडोस्कोपीच. सुटा केलेला भाग चमकणाऱ्या रंगद्रव्यात बुडवून, पुसून, जांभळ्या प्रकाशाखाली धरला की डोळ्यांना न दिसणारी चीर उजळते. पक्षी आत गेल्यास काय होईल हे पाहण्यासाठी नव्या रचनेच्या इंजिनात मेलेले पक्षी फेकून चाचणी घेतात. जैन घरात वाढलेल्या माणसाला हे ऐकवत नाही, पण ती चाचणी का लागते हे मला कळते.

चीर किती महत्त्वाची, ते मुंबईने १९७६ साली पाहिले. १२ ऑक्टोबरला इंडियन एअरलाइन्सचे कॅराव्हेल सांताक्रूझहून मद्रासला निघाले. उड्डाणानंतर थोड्याच वेळात त्याच्या एका इंजिनातली कॉम्प्रेसरची दहाव्या टप्प्याची चकती फुटली. धातूच्या थकव्याने तिला चीर गेली होती. तुकड्यांनी इंजिनाचे कवच फोडले, इंधनाची नळी तुटली, आग लागली. वैमानिकांनी विमान परत फिरवले, धावपट्टी जवळ आली, पण आगीने नियंत्रणाची हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली आणि विमान कोसळले. त्यातले पंचाण्णवच्या पंचाण्णव लोक गेले. पाते तुटले तर इंजिनाचे कवच त्याला बहुधा अडवते. जड चकती पूर्ण वेगात फुटली तर तिला अडवील असे कवच विमानावर वाहून नेणे शक्य नसते. म्हणून चकतीला आयुष्य आखून दिलेले असते, आणि ते तासांत न मोजता फेऱ्यांत मोजतात. एक उड्डाण म्हणजे एकदा तापणे आणि एकदा निवणे. ठरलेल्या फेऱ्या भरल्या की चकती नवीसारखी दिसत असली तरी मोडीत जाते. २०२३ साली प्रॅट अँड व्हिटनीच्या काही इंजिनांतल्या चकत्यांच्या धातूच्या भुकटीत सूक्ष्म अशुद्धी असल्याचे जाहीर झाले, आणि जगभर, आपल्याकडे इंडिगोचीही, विमाने तपासणीसाठी जमिनीवर उभी राहिली. प्रवासी चिडले. मला ते चिडणे योग्य वाटत नाही.

देखभाल म्हणजे काय, हे भोपाळकरांना वेगळे सांगायला नको. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातली शीतयंत्रणा कित्येक महिने बंद होती, आणि वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची जोडनळी दुरुस्तीसाठी काढून ठेवलेली होती. तरी कारखाना उभा होता आणि टाकी भरलेली होती. विमानाच्या बाबतीत हे एकाच कागदावर अडते. काम पूर्ण झाल्याची सही परवानाधारक अभियंता करतो, त्याच्या नावावर आणि परवान्यावर. ती सही नसेल तर विमान प्रवासी घेत नाही, वरिष्ठ कितीही घाईत असोत. हत्यारपेटीतला एक पाना कमी भरला तरी तो सापडेपर्यंत इंजिन बंद करत नाहीत.

व्याख्यानात कुणीतरी राजा भोजाचा विषय काढतोच, आणि आपल्या विमानतळाला त्याचेच नाव आहे. 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात पाऱ्याच्या जोरावर उडणाऱ्या लाकडी पक्ष्याचे वर्णन आहे. रचनेचा तपशील गुप्ततेसाठी देत नाही, असेही तिथेच म्हटले आहे. कल्पना म्हणून ती मोठीच, पण तिच्यावरून इंजिन बांधता येत नाही.

आज हे काम आपल्या बरेच जवळ आले आहे. नागपूरला मिहानमध्ये बोइंगने उभारलेले देखभाल केंद्र २०१५ मध्ये एअर इंडियाच्या हाती आले आणि मोठ्या विमानांची इंजिनेही तिथे उघडली जातात. विदर्भातली आयटीआय झालेली मुले तिथल्या कामाकडे डोळे लावून असतात. आपल्या ओळखीत असा मुलगा असेल तर एकदा त्याच्याशी बोला. आणि पुढच्या वेळी भोपाळहून मुंबईला जाताना शिडी चढण्यापूर्वी इंजिनाच्या तोंडाकडे नजर टाका. पंख्याच्या मधोमध पांढऱ्या रंगाचे एक वळण काढलेले असते. पंखा फिरतो आहे की थांबला, हे जमिनीवरच्या माणसाला दुरूनच कळावे म्हणून ते काढतात.