शेवटून वाचली जाणारी फाइल

अर्जाची मुदत रात्री बारा वाजता संपणार असते, जोडायची पीडीएफ नुकतीच उतरवून घेतलेली असते आणि ती उघडताच पडद्यावर उमटते : 'फाइल खराब झाली आहे.' आपण वाचक-अ‍ॅपला दोष देतो, ते काढून पुन्हा बसवतो. पुष्कळदा अ‍ॅप निर्दोष असते. फाइल न उघडण्याची एक मोठी गोष्ट तीस वर्षांपूर्वीच्या एका निर्णयाशी जाऊन पोहोचते.

जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये अ‍ॅडोबी स्थापन केली. त्यांची पोस्टस्क्रिप्ट ही पान कसे छापावे हे प्रिंटरला सांगणारी भाषा होती. पण शंभरावे पान पाहायचे तर आधीची नव्व्याण्णव उलगडत यावे लागण्याचा संभव असे. १९९१ मध्ये वॉर्नॉक यांनी 'कॅमेलॉट' या नावाने नवी कल्पना मांडली : कोणत्याही संगणकावर तयार झालेला दस्तऐवज कोणत्याही संगणकावर जसाच्या तसा दिसावा, छापता यावा. जून १९९३ मध्ये पीडीएफ अवतरली.

हवे ते पान थेट उघडायचे तर अनुक्रमणिका हवी. ती ठेवली गेली फाइलच्या शेवटी. त्या काळी संगणकांची स्मृती तोकडी होती. मजकूर, चित्रे, अक्षरवळण हे एकामागून एक लिहीत जायचे आणि कोणता घटक कितव्या बाइटवर पडला याची नोंद सर्वांत शेवटी करायची, म्हणजे मागे फिरून काही दुरुस्त करावे लागत नाही. पुढे बदल झाला तरी तो शेपटाला जोडता येतो. प्रत्येक नोंद नेमकी २० बाइटांची, त्यांतले पहिले दहा अंक स्थान सांगणारे. अनुक्रमणिका कोठे सुरू होते तो आकडा शेवटच्या ओळीच्या अगदी वर. म्हणून वाचक-अ‍ॅप फाइलचे शेपूट आधी पाहते.

आपल्या हस्तलिखित पोथ्यांतही लेखनिकाचे नाव आणि शक सांगणारी पुष्पिका शेवटीच असते. ते पान हरवले तर पोथीचा काळ ठरवणे कठीण होते; पोथी मात्र वाचता येते. पीडीएफचे तसे नाही. डाउनलोड शेवटच्या टप्प्यावर तुटले तर जवळजवळ सारा मजकूर हाती असूनही वाट दाखवणारा कागद तेवढा नसतो.

दुसरा धोका एफटीपीच्या काळातला. विंडोज ओळीच्या शेवटी दोन चिन्हे ठेवते, युनिक्स एकच. फाइल 'मजकूर' समजून पाठवली की वाटेत ही चिन्हे बदलत आणि सारे बाइट-क्रमांक सरकत. पीडीएफच्या दुसऱ्या ओळीत जी अगम्य अक्षरे दिसतात, ती फाइल निव्वळ मजकूर नाही हे पाठवणाऱ्या प्रणालीला कळावे म्हणून घातलेली असतात. साधा, पण फार चतुर उपाय.

२००३ च्या १.५ आवृत्तीत अनुक्रमणिकाही दाबून साठवता येऊ लागली आणि जुन्या वाचक-अ‍ॅपना अशा फाइली उमगेनाशा झाल्या. तेथे मात्र अ‍ॅप अद्ययावत करणे हाच इलाज.

एरवी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. आरंभी टक्क्याचे चिन्ह आणि पीडीएफ ही रोमन अक्षरे असावीत. त्यांऐवजी एचटीएमएल दिसले तर संकेतस्थळाने दस्तऐवजाऐवजी बहुधा लॉगिनचे पान हाती दिले आहे. शेवटी ईओएफ ही अक्षरे नसतील तर फाइल अर्धवट आहे, पुन्हा उतरवावी. मूळ प्रतच नाहीशी झाली असेल, तरी हाती असलेली पुसू नये. काही अ‍ॅप सारी फाइल आरंभापासून चाळून घटक शोधतात आणि अनुक्रमणिका नव्याने रचतात. एका अ‍ॅपने नाकारलेली फाइल कधीकधी ब्राउझरमध्ये बिनतक्रार उघडते, ती यामुळेच.