भामगिरी, भंडारा आणि डोह

सज्जनहो, तुकोबारायांच्या चरित्रात तीन जागा पुन्हा पुन्हा येतात : भामचंद्राचा डोंगर, भंडाऱ्याचा डोंगर आणि इंद्रायणीचा डोह. कीर्तनात आपण त्यांची नावे घेऊन पुढे जातो. आज जरा तिथे थांबू.

इ. स. १६३० ते १६३२ या काळात दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून मेली, गुरे गेली, गावे ओस पडली. देहूच्या महाजनाचे दुकान मोडले. थोरली पत्नी रखमाबाई आणि लहानगा संतू, दोघेही गेले. त्या वेळी तुकोबा ऐन तरुण होते. ते घर सोडून भामचंद्रावर जाऊन बसले.

तुकोबा संसाराला कंटाळून पळाले, असे कोणी कोणी म्हणतात. पण पुढचा क्रम पाहा. महिपतीबुवा सांगतात की धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधीत डोंगरावर गेले. दोघे खाली आले. सावकारीच्या खतांचे दोन वाटे झाले. कान्होबांचा वाटा त्यांना दिला आणि आपला वाटा तुकोबांनी इंद्रायणीत सोडला. दुष्काळाने पिचलेल्या कुळांना त्या दिवशी केवढा मोकळा श्वास मिळाला असेल! पळून जाणारा माणूस आधी आपले येणे वसूल करतो. तुकोबांनी ते बुडवले. मग पूर्वज विश्वंभरबुवांच्या पडक्या देवळाचा जीर्णोद्धार केला. जिजाईसह संसारही चालू राहिला.

भंडाऱ्याचेही तसेच. वर नामचिंतन आणि ग्रंथांचे मनन, खाली देहूत कीर्तन. जिजाई भाकरी घेऊन चढ चढत असे, हे विसरू नका. त्या डोंगरावर तिच्याही पावलांचा हक्क आहे. तुकोबांच्या कितीतरी आधी तिथे बौद्ध भिक्षूंनी लेणी कोरली होती. एकांताला तो डोंगर फार जुन्या काळापासून ओळखीचा.

तिसरी जागा डोहाची. ज्या पाण्यात खते गेली, त्याच पाण्यात पुढे गाथेच्या वह्या गेल्या. तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, अशी आपली श्रद्धा. आणि ज्या रामेश्वरभटांनी विरोध केला, तेच पुढे तुकोबांचे शिष्य झाले. त्यांनी रचलेली आरती आपण आजही म्हणतो. बदल एका तुकोबांचाच झाला नाही, विरोधकाचाही झाला.

म्हणून म्हणतो, डोंगर माणसाला जगापासून तोडत नाही. वरून आपले घर लहान दिसते आणि गाव मोठे दिसते, एवढेच. ते पाहून जो खाली येतो आणि कोणाचे तरी ओझे हलके करतो, त्याचे चढणे कामी आले.

आज त्याच इंद्रायणीवर आळंदीत कितीदा पांढरा फेस तरंगताना दिसतो. माउली, माघ शुद्ध दशमीला भंडाऱ्यावर याल, तेव्हा दर्शन घ्या, घटकाभर निवांत बसा, खाली नदीकडे पाहा. ज्या पाण्याने गाथा राखली असे आपण म्हणतो, ते पाणी राखणे आता कोणाकडे आले, एवढे मनाला विचारा.

रामकृष्णहरी.