जठराग्नी आणि एक न मिटलेली जखम

जे डोळ्यांना दिसत नाही त्याचे वर्णन मनुष्य दिसणाऱ्या गोष्टीच्या आधारे करीत आला आहे. अन्न पोटात गेल्यावर त्याचे काय होते, हे प्राचीनांना दिसत नव्हते. दिसत होती ती घरातील चूल. म्हणून पोटातील व्यापारालाही त्यांनी चुलीची भाषा दिली. 'पच्' या संस्कृत धातूचा मूळ अर्थ शिजवणे असा आहे. पाक, पक्व आणि पचन हे शब्द त्याच कुळातले. आयुर्वेदाने देहात तेरा अग्नी कल्पिले व त्यांत जठराग्नीला अग्रस्थान दिले. भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायात प्राण्यांच्या देहांत राहून अन्न पचवणारा वैश्वानर हे ईश्वराचेच रूप ठरले. प्राचीन ग्रीक वैद्यांनीही पचनासाठी शिजण्याचीच उपमा योजिली होती.

युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत या उपमेची जागा दोन नव्या उपमांनी घेतली. एका पक्षाच्या मते जठर हे जाते होते. ते अन्न भरडून बारीक करते. दुसऱ्याच्या मते ते रसायनाचे पात्र होते. तेथील द्रव अन्न विरघळवतो. वाद केवळ तर्काने मिटण्यासारखा नव्हता. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्युर याने १७५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत घारीची मदत घेतली. न पचणाऱ्या वस्तू घार तोंडावाटे परत टाकते, हे त्याला ठाऊक होते. त्याने धातूच्या छोट्या नळ्यांत मांस घालून, तोंडांशी जाळी लावून त्या नळ्या तिला गिळावयास लावल्या. परत आलेल्या नळ्यांना चेपल्याची खूण नव्हती. आतले मांस मात्र बरेचसे विरघळले होते. जात्याचा हात जेथे पोहोचूच शकत नव्हता, तेथे रसाने काम केले होते.

इटलीतील स्पालान्झानीने हीच परीक्षा पक्षी, सर्प, बेडूक, मासे अशा अनेक प्राण्यांवर घेतली आणि अखेरीस स्वतःवर. अन्न भरलेल्या कापडी पिशव्या व लाकडी नळ्या त्याने स्वतः गिळल्या. १७८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या विवेचनातून दोन्ही पक्षांना आपापला वाटा मिळाला. कोंबडीच्या पेषणीत दाणा आधी भरडला जातो आणि मग रसाचे काम सुरू होते; मांसभक्षक पक्ष्यात भरडण्याचे कारणच उरत नाही. ज्याचा जसा आहार, तसे त्याचे जठर. गायीची रचना तर याहून निराळी. चार कप्प्यांच्या तिच्या पोटात गवतातील चिवट तंतू फोडतात ते असंख्य सूक्ष्मजीव, आणि त्यांच्यासाठी घास पुन्हा तोंडात आणून चावणे हे गायीचे काम. मराठीत एकच विषय पुन्हापुन्हा घोळवण्याला आपण 'रवंथ' म्हणतो, तो शब्द तिच्याकडूनच घेतलेला आहे.

मनुष्याच्या जठरात प्रत्यक्ष डोकावण्याची संधी मात्र एका अपघाताने मिळाली. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील ह्यूरन सरोवरातल्या मॅकिनॅक बेटावर, फर व्यापाऱ्यांच्या दुकानात चुकून बंदूक उडाली आणि अलेक्सी सेंट मार्टिन या कॅनेडियन फ्रेंच तरुणाच्या कुशीत अगदी जवळून छरे घुसले. तेथील लष्करी ठाण्याचा शल्यवैद्य विल्यम बोमाँट याला तो जगेल असे वाटत नव्हते. तो जगला, परंतु जठरापर्यंत गेलेले छिद्र बुजले नाही. निराधार रुग्णाला बोमाँटने आपल्या घरी ठेवले, त्याच्याकडून घरकाम करून घेतले आणि १८२५ पासून त्या छिद्रातून प्रयोग आरंभले. मांस, पाव, कच्ची कोबी यांचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून आत सोडावयाचे आणि ठरावीक वेळाने ओढून पाहावयाचे, असा क्रम असे. अशाच एका प्रयोगात रुग्णाच्या पोटात अस्वस्थता वाढल्याने काम थांबवावे लागले.

बोमाँटचा ग्रंथ १८३३ मध्ये प्रसिद्ध झाला. जठररस बाहेर काढून कुपीत ठेवला तरी तो मांस विरघळवतो, मात्र त्याला सुमारे १०० अंश फॅरनहाइटची ऊब लागते. थंड रस जवळजवळ निष्क्रिय राहतो, हे त्याने दाखवून दिले. या रसातील आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्ल होय, असे विल्यम प्राउटने १८२४ मध्येच प्रसिद्ध केले होते; १८३६ मध्ये थिओडोर श्वानने त्यातील पेप्सिन ओळखले. जठर हा पचनाचा केवळ एक मुक्काम असून लाळ, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि लहान आतडे यांचाही त्यात मोठा वाटा आहे, हे चित्र पुढे स्पष्ट झाले. चूल पेटलेली नव्हती. पण उबेवाचून पाक होत नाही, एवढे सत्य त्या जुन्या उपमेतही होते.

रुग्ण संतापला की पचन बिघडते, अशीही नोंद बोमाँटच्या ग्रंथात आहे. सेंट मार्टिनचा संताप इतिहासात उतरला तो असा, त्याच्या जठरातील बदलांच्या रूपाने. १८३२ मध्ये झालेल्या करारानुसार एका वर्षासाठी १५० डॉलर आणि अन्न-निवारा या मोबदल्यात त्याने आपले जठर प्रयोगांसाठी दिले. त्याला लिहिता येत नव्हते. करारावर त्याने सहीऐवजी खूण केली. १८३४ मध्ये तो कॅनडाला आपल्या घरी गेला. पुढे बोमाँटने कितीही बोलावले, तरी तो त्याच्याकडे परतला नाही. शोधकाचा मृत्यू १८५३ मध्ये झाला; ज्याच्या देहात शोध लागला तो आणखी २७ वर्षे जगला.

२४ जून १८८० रोजी सेंट मार्टिन वारला. त्याच्या शवाची चिकित्सा करण्याची वैद्यांची इच्छा होती. कुटुंबीयांनी नकार दिला. देह मुद्दाम उन्हाळ्याच्या उष्म्यात ठेवून कुजू दिला आणि नंतर खोल खड्डा खणून पुरला, की कोणी तो उकरून नेऊ नये. या कृतीकडे अडाणीपणा म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु अठ्ठावन्न वर्षे इतरांसाठी उघडे राहिलेले एक दार त्या माणसांनी स्वतःच्या हातांनी लावून घेतले होते. पचनाचे ज्ञान आज शालेय पुस्तकाच्या दोन पानांत मावते आणि सहज पचनीही पडते. ज्या देहावर ते मिळाले, त्याचे ऋण मात्र त्या पानांत क्वचितच नोंदलेले असते.